मॅक्रो लिहिणारा अकाउंटंट टीम लीड होतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, बी.कॉम., सीएमए (कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा) इंटर झालेलं, फायनलचा एक ग्रुप राहिलेला. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं वेंडर पेमेंटचं काम. एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहून जीएसटीची जुळणी अडीच दिवसांवरून चार तासांवर आणलीत आणि साहेबांनी खूश होऊन चार जणांची टीम हातात दिली. त्यातले दोघे वयाने मोठे. त्यांच्यातले एक काका मॅक्रो असूनही अजून स्वतःच्या वहीत लिहीत बसतात, आणि त्याचा तुम्हाला त्रास होतो. आता विचारताय की अकाउंट्स सोडून पूर्णवेळ ऑटोमेशन डेव्हलपर व्हावं का, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी का, ही माणसं कशी सांभाळायची, आणि एआय आल्यावर या सगळ्याला काही अर्थ राहील का.

मी याच रस्त्याने आले. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत टॅलीवर व्हाउचर मारण्यापासून सुरुवात केली, पुढे पुण्यात एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आले आणि आता खराडीत एका शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये वेंडर पेमेंट आणि मंथ-एंड क्लोजिंगची (महिनाअखेरचे हिशेब बंद करण्याची) टीम बघते, तिच्या ऑटोमेशनसकट. एकूण २२ वर्षं झाली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: अकाउंट्स सोडू नका.

अडीच दिवसांचं काम चार तासांत आलं याचं श्रेय तुम्ही मॅक्रोला देताय. मला ते पटत नाही. मॅक्रो लिहिणारी मुलं पुण्यात रगड आहेत. तुमचा मॅक्रो चालला, कारण कुठली बिलं कुठे अडकतात हे तुम्हाला सहा वर्षांत पाठ झालं होतं. ते बाहेरच्या डेव्हलपरला कळायला सहा महिने लागले असते, आणि ते सहा महिने तुम्हीच त्याला शिकवत बसला असता.

तुमच्याच जुळणीचं उदाहरण घेऊ. जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांचा तक्ता, १४ तारखेला तयार होतं; ३बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र, २० तारखेपर्यंत भरायचं. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने दाखवलेलं आणि २बीत आलेलं बिल असेल तरच क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळतं. त्याआधी थोडी सूट होती, ती संपली. म्हणजे मधल्या सहा दिवसांत हजारो बिलं जुळवायची. पुरवठादाराने बिल नंबर लिहिलाय ‘ए/००४५/२४-२५’. आपल्या मुलाने एंट्री करताना मारलाय नुसता ‘४५’. नवखा डेव्हलपर म्हणेल, सोपं आहे, अक्षरं आणि पुढची शून्यं काढून टाका, वर्ष कापा, मग जुळवा. पण त्याच पुरवठादाराची ‘बी’ मालिकाही असते, डेपोतल्या मालाची. अक्षरं काढली की ए/४५ आणि बी/४५ एकच होतात. रक्कम वेगळी असली तर निदान न जुळलेल्यांत तरी दिसतं. ठरावीक मासिक भाड्याच्या किंवा एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) बिलांत रक्कमही तीच असते, मग चुकीची जोडी बिनबोभाट लागते. हा धोका तुम्हाला दिसतो, कारण तुम्ही ती बिलं हातात धरलेली आहेत.

आणखी एक गोष्ट याच जुळणीतली. १४ तारखेला कितीही वेगाने जुळवा, जे बिल पुरवठादाराने विवरणपत्रात दाखवलंच नाही ते सापडून उपयोग काय? त्याने आपली विक्रीची बिलं दाखवायची, म्हणजे जीएसटीआर-१ ची, तारीख ११ आहे. तिमाही विवरणपत्र भरणाऱ्या छोट्या पुरवठादाराला महिन्याची बिलं दाखवायची सोय १३ तारखेपर्यंत असते. ती वेळ टळली की बिल पुढच्या २बीत जातं आणि एवढं क्रेडिट महिनाभर अडकतं. आमच्याकडे खरा फरक पडला तो जुळणीचा वेग वाढल्याने नव्हे. गेल्या सहा महिन्यांत उशिरा भरणारे पुरवठादार कोण याची यादी आम्ही ७ तारखेला आपोआप काढायला लागलो आणि ८ ते १० या तीन दिवसांत फक्त त्यांनाच फोन करायला लागलो. ती यादी म्हणजे तीन ओळींची क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, आहे. तिच्यात कौशल्य काहीच नाही, पण फोन कधी करायचा हे ज्याला कळतं त्यालाच ती सुचते.

आता माझी एक चूक सांगते. ती मला फार महागात शिकवून गेली, आणि तुम्ही आज नेमके त्याच वळणावर उभे आहात.

साल २००९. तेव्हाच्या कारखान्यात दर गुरुवारी पेमेंट रन असायचा. आमच्या विभागात एक ताई होत्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. पेमेंटची यादी प्रिंट काढायच्या, लाकडी फूटपट्टी ओळीखाली धरायच्या आणि एकेक ओळ खाली सरकवत तपासायच्या. शेजारी एक निळी वही. पूर्ण दुपार जायची. मी तेव्हा नवीन नवीन व्हीबीए, म्हणजे एक्सेलचे मॅक्रो लिहायची भाषा, शिकलेले. एका आठवड्यात दुबार बिल पकडणारा मॅक्रो लिहिला: वेंडर कोड, बिल नंबर, रक्कम, तिन्ही सारखं असेल तर लाल. दोन मिनिटांत काम. मोठ्या उत्साहात ताईंना म्हणाले, “ताई, आता वही नको, मशीन बघेल.” त्या काही बोलल्या नाहीत. फूटपट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

तिसऱ्या महिन्यात एका ट्रान्सपोर्टरला १,८६,००० रुपये दोनदा गेले. कारण शोधताना रात्र झाली. ट्रान्सपोर्टरने आधी बिलाची झेरॉक्स पाठवली होती, घाई होती म्हणून. त्यावर एंट्री झाली. पंधरा दिवसांनी मूळ बिल बिल्टीसकट आलं, त्यावर दुसऱ्या मुलाने एंट्री केली. एकाने नंबर टाकला ‘००४५’, एक्सेलने तो अक्षरं म्हणून धरला. दुसऱ्याने टाकला ‘४५’, तो आकडा म्हणून. मॅक्रोच्या लेखी दोन्ही वेगळे.

पैसे पुढच्या बिलांतून वळते करून घेतले, ते आलेही. पण दुसऱ्या दिवशी ताईंनी वही उघडून दाखवली तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पहिल्याच पानावर आठ ट्रान्सपोर्टरची नावं होती, समोर लिहिलं होतं: ‘आधी झेरॉक्स, मग ओरिजिनल. दोनदा बघणे.’ त्यात हा ट्रान्सपोर्टर तिसऱ्या ओळीत. अकरा वर्षांत त्यांनी हे असंच पकडलं होतं, कुणाला न सांगता, कारण ते पकडणं हेच त्यांचं काम होतं. मी त्यांना काय बघता एवढं विचारलं होतं. का बघता हे विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. कुठलंही काम यंत्राकडे द्यायच्या आधी दोन क्लोजिंग त्या माणसाच्या शेजारी बसायचं. लॅपटॉप बंद, नुसती वही. कामाच्या पायऱ्या लिहायच्या नाहीत, त्या कुणीही सांगतं. लिहायचं ते एवढंच: हात कुठे थांबतो. यादीवरून बोट सरकत असतं आणि एका ओळीवर अडतं. माणूस फोन उचलतो, जुनी फाइल काढतो किंवा मान हलवून पुढे जातो. तिथे विचारायचं, आता काय झालं? त्या एकेका थांब्यामागे कुणाच्या तरी जुन्या चुकीची आठवण असते. चाळीस-पन्नास थांबे जमले की तुमच्याकडे त्या कामाचा खरा नकाशा आला. त्यातले तीस नियम म्हणून लिहिता येतात. दहा माणसाकडेच ठेवायचे असतात. आणि उरलेल्या पाच-दहांचं मूळ कारणच काढून टाकता येतं. झेरॉक्सवर एंट्री करायचीच नाही, हा निर्णय आम्ही त्या प्रकरणानंतर घेतला. त्याला मॅक्रो लागला नाही, गेटवर एक सूचना लागली.

आता शिकण्याचा क्रम. पायथन शिका, पण तिसऱ्या नंबरावर.

पहिली पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधलं डेटा गोळा करून साफ करायचं साधन. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे, आयटीकडे परवानगी मागत फिरावं लागत नाही. व्हीबीएपेक्षा ती मला जास्त का आवडते, तर तिच्यात प्रत्येक पायरी उजव्या बाजूला नावासकट दिसते आणि त्या पायरीचं नाव बदलता येतं. आम्ही नावं मराठीत देतो: ‘रद्द बिलं बाजूला’, ‘नंबरातली शून्यं काढली’, ‘गुजरात प्लांट वेगळा’. कोडिंग न येणारा माणूससुद्धा ती वाचून म्हणू शकतो की ताई, इथे क्रेडिट नोट राहिल्या. तुमचा मॅक्रो तुमच्याशिवाय कुणाला वाचता येतो का, हे स्वतःला विचारून बघा. शिवाय २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून किंवा मेलवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे मॅक्रोची फाइल इकडून तिकडे पाठवणं आता कटकटीचं झालंय.

दुसरं एसक्यूएल. डेटा जिथे राहतो तिथेच त्याला प्रश्न विचारायची ती भाषा आहे आणि अकाउंटंटला ती लवकर येते, कारण खतावणी म्हणजे टेबलच. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस प्रकारात फक्त ६५,५३६. हा आकडा लक्षात ठेवा. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या चाचण्यांचे निकाल जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतले जात होते, ओळी संपल्या आणि १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. कुठलीही घंटा वाजली नाही. आमच्या जुन्या दिवाणजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तेरीज मारली नव्हती का? तुमच्या प्रत्येक ऑटोमेशनला तेरीज, म्हणजे बेरजांचा ताळा, हवी: आत किती ओळी आल्या, बाहेर किती गेल्या, आत किती रुपये, बाहेर किती. फरक असेल तर पुढची पायरी चालूच होता कामा नये. हे मी मुलाखतीत विचारते. दहातले दोन उमेदवार स्वतःहून सांगतात, आणि बहुधा त्यांचीच निवड होते.

मग पायथन, जेव्हा शेकडो पीडीएफ किंवा दहा ठिकाणच्या फाइली एकत्र करायची वेळ येईल तेव्हा. आणि सगळ्यात शेवटी स्क्रीनवर माणसासारखं क्लिक करणारे बॉट. त्यांचं प्रात्यक्षिक डोळे दिपवतं, पण ज्या सिस्टीममधून डेटा काढायला दुसरं दारच नाही अशाच ठिकाणी ते वापरावेत. स्क्रीनवरचं एक बटण हललं की बॉट आडवा होतो, आणि हे नेमकं ३१ तारखेच्या रात्री कळतं.

बिलं वाचायच्या सॉफ्टवेअरबद्दलही एक सांगून ठेवते, कारण तुमच्या कंपनीत ते विकायला कुणीतरी येणारच. वर्षाला पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या बहुतेक पुरवठादारांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) काढावं लागतं, आणि त्याच्या क्यूआर कोडमध्ये दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम आणि ६४ अक्षरांचा आयआरएन (त्या बिलाचा ओळख क्रमांक) बिनचूक असतो. तो नुसता स्कॅन केला तर अक्षरओळख करणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरचं निम्मं काम संपतं. मात्र त्या क्यूआरमध्ये पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर नसतो. म्हणून पुरवठादारांना पीओ नंबर ठरावीक जागी छापायला लावणं, हे खरेदी विभागाशी बसून करायचं काम आधी. ते कंटाळवाणं आहे, दोन महिने खातं, आणि तरीही मी ते आधी करेन.

आता टीम लीड म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ऑटोमेशन करणाऱ्याचा हात पैशावर असतो. तुमचा मॅक्रो तुमच्याच लॉगिनने एंट्री पोस्ट करत असेल तर तो आजच थांबवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि ती बंद करता येत नाही. त्या नोंदीत रात्री दोन वाजता चारशे एंट्री तुमच्या नावावर दिसल्या तर ऑडिटरला काय सांगाल? बॉटला स्वतंत्र आयडी घ्या, त्याला फक्त लागतील तेवढेच अधिकार द्या, आणि ज्याने तो लिहिला त्याने त्याच्या पेमेंटला मंजुरी द्यायची नाही. पुरवठादाराचं बँक खातं बदलायचं काम तर यंत्राकडे कधीच देऊ नका. मेल आला म्हणून बदललं, असं होता कामा नये. आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून आवाज ओळखूनच बदलायचं.

मंजुरीसुद्धा डोळे उघडे ठेवून असावी लागते. ११ ऑगस्ट २०२० ला सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज धनकोंना द्यायचं होतं. गेले जवळपास ९० कोटी डॉलर, म्हणजे व्याजासोबत जवळजवळ सगळं मुद्दलच, तेही बँकेच्या स्वतःच्या पैशातून. सॉफ्टवेअरच्या एका स्क्रीनवर तीन चौकटींत खूण करायची होती, एकाच चौकटीत केली गेली. व्यवहार तीन जणांनी पाहून मंजूर केला होता, त्यातले दोघे भारतात बसलेले. काही धनकोंनी सुमारे ५० कोटी डॉलर परत द्यायला नकार दिला, बँक २०२१ मध्ये कोर्टात हरली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात जिंकली. मी टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला हे प्रकरण सांगते. तिघांनी एकच स्क्रीन बघितली आणि तिघांचीही समजूत तीच होती. चेकरने (तपासणाऱ्याने) मेकरची (एंट्री करणाऱ्याची) स्क्रीन बघायचीच नाही, त्याने शेवटचा परिणाम बघायचा: खात्यातून एकूण किती जाणार आणि ते अपेक्षेएवढं आहे का.

माणसांकडे वळते. हा भाग मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा आहे.

टीम हातात आल्यावर पहिलं वर्षभर मी लीड नव्हतेच. कुणाचं काम अडलं की “दे, मी करून टाकते” म्हणायचे. रात्री साडेनऊला ऑफिसात मी एकटी, आणि टीम घरी. मला वाटायचं मी त्यांना जपतेय. खरं म्हणजे मी त्यांना शिकू देत नव्हते, आणि त्यांनाही ते कळत होतं. एका मुलीने राजीनामा देताना सांगितलं, “ताई, इथे माझी चूक मला कधी दिसतच नाही, सकाळी ती दुरुस्त झालेली असते.” ते वाक्य मी विसरले नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमचा तो मॅक्रो टीममधल्या कुणाला तरी देऊन टाका. सगळ्यात हुशार मुलाला नको, सगळ्यात काटेकोर माणसाला द्या. सूचना मराठीत लिहा, स्क्रीनचे फोटो लावा, आणि दोन क्लोजिंग त्याला हात लावू नका. ज्या ओळीवर तो तुम्हाला विचारायला येईल ती ओळ सूचनांत कच्ची आहे, तेवढी दुरुस्त करा. सूचना इंग्रजीतच हव्यात असं साहेब म्हणतील. ऑडिटरसाठी एक इंग्रजी प्रत ठेवा, पण काम ज्या भाषेत बोललं जातं त्याच भाषेत लिहिलेलं वाचलं जातं, हा माझा अनुभव आहे. प्रत्येक कामाला दोन माणसं तयार असली पाहिजेत. दिवाळीत किंवा गणपतीत गावी जाणाऱ्याला सुट्टी मागताना अपराधी वाटलं, तर समजा की तुम्ही दुसरा हात तयार केलेला नाही.

वयाने मोठ्या माणसांशी अधिकार दाखवून बोलू नका, आणि फार अदबीने टाळूही नका. केबिनमध्ये बोलावण्यापेक्षा त्यांच्या जागेवर जाऊन बसा. सगळ्यांसमोर त्यांच्या कामाबद्दल प्रश्न विचारा आणि चुकीबद्दल एकट्यात बोला. नव्या पद्धतीची पहिली चाचणी त्यांच्याकडूनच करून घ्या, पण “मोडून दाखवा” म्हणून. त्यांना चुका सापडतात, कारण त्यांनी चुका बघितलेल्या आहेत. आमच्या त्या ताई पुढे सहा वर्षं आमच्या प्रत्येक नव्या टूलच्या चाचणीप्रमुख होत्या. त्यांच्या सहीशिवाय काहीही चालू व्हायचं नाही, आणि ती अट मीच साहेबांकडून लिहून घेतली होती.

एक अवघड प्रसंग लवकरच येईल. वेळ वाचला हे दिसलं की वरून विचारणा होईल, मग चारातला एक कमी करायचा का? हा प्रश्न यायच्या आधी तुमच्याकडे लिहिलेलं उत्तर हवं. वाचलेल्या तासांत काय करणार, त्याची रुपयांतली यादी. माल आला पण बिल नाही अशा जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदी) किती जुन्या आहेत. पुरवठादारांच्या खात्यांत उलटी बाकी किती, म्हणजे आपले पैसे त्यांच्याकडे किती पडून आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेळेत जातायत का: करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजावटीला धरला जातो. मार्चमध्ये अशी दोन-तीन कोटींची देणी लोंबकळत राहिली तर करापोटी किती रोकड अडकते याचा हिशेब साहेबांसमोर ठेवा. ही कामं वेळ नाही म्हणून आज कुणीच करत नाही. माणूस कमी करायचा विषय माझ्याकडे तीनदा आला. पहिल्या दोन्ही वेळा याच यादीने थांबवला. तिसऱ्या वेळी नाही थांबला, आणि ते मला आजही बोचतं. माझी यादी तेव्हा तयार नव्हती.

एआयबद्दल थोडक्यात. वेगवेगळ्या मांडणीची बिलं वाचणं, पुरवठादाराला द्यायच्या मेलचा मसुदा, कोडमधली चूक शोधणं, यासाठी ते उत्तम आहे, मी रोज वापरते. पुरवठादारांचे बँक तपशील किंवा पगाराची फाइल मात्र उघड्या टूलमध्ये चिकटवू नका. आणि ते ज्या सहजतेने बरोबर उत्तर देतं त्याच सहजतेने चुकीचंही देतं, म्हणून तेरीज तिथेही हवीच. तुमचं काम त्याने जाणार नाही, पण निव्वळ टाइप करण्याचं काम जाईल. ते तुम्ही स्वतःच घालवायला सुरुवात केली आहे.

सीएमएचा राहिलेला ग्रुप या वर्षी द्या. ऑटोमेशनच्या सर्टिफिकेटांचा ढीग त्याची जागा घेत नाही. पुढे जेव्हा प्रोसेस ओनरच्या जागेसाठी बोलणी होतील, म्हणजे खरेदीपासून पेमेंटपर्यंतच्या अख्ख्या कामाची जबाबदारी एका माणसाकडे, तेव्हा समोरचा फायनान्स कंट्रोलर तुम्हाला प्रोव्हिजन, कटऑफ आणि फॉरेक्सबद्दल विचारणार आहे. तिथे अडखळलात तर तुम्ही टूलवाले ठरता. टूलवाल्याला कामासाठी बोलावतात, निर्णय घेताना नाही. तुम्हाला जायचंय ते निर्णयाच्या टेबलापर्यंत. त्यासाठी दोन-तीन वर्षांत एकदा तरी काम बदलून घ्या: पेमेंट झालं, आता जनरल लेजर, मग कॉस्टिंग. तुमच्यासारख्या कारखान्यात कॉस्टिंग शिकायला मिळतं, आमच्या खराडीच्या काचेच्या इमारतीत ते मिळत नाही. म्हणून कंपनी बदलायचीही घाई करू नका.

राहता राहिले तुमचे काका. मॅक्रो असूनही वहीत लिहितात, सवय मोडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ती मोडायला जाऊ नका. येत्या क्लोजिंगनंतर, ५-६ तारखेला जरा उसंत मिळाली की दोन चहा सांगा, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढा आणि म्हणा, “काका, वही दाखवता का? मला वाचायचीये.” पहिल्या पानापासून सुरू करा. प्रत्येक ओळीला ‘हे का लिहिलंत’ विचारा आणि त्यांचं उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. मग १४ तारखेला २बी येईल तेव्हा तुमचा मॅक्रो त्या वहीसमोर ठेवून चालवा.